मेंढ्याचं माहेरपण

माझ्या अक्षराची आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच ते आहे, कारण वळण लागायच्या आत हातात काठी आली आणि मी मेंढरांमागं गेले. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी समजलं नाही. जिथं जी वेलांटी बरी दिसते तिथं ती देते. तशी ही वही कुणी वाचणार नाही. साखर कारखान्याची जुनी डायरी आहे आणि ती पिठाच्या डब्यामागं राहणार आहे. पण आमच्या घरात मेंढ्याची गोष्ट आल्यागेल्याला सांगतात आणि दर वेळी तिच्यातून मी थोडी थोडी कमी होत चालले आहे. पुरती जायच्या आत लिहून ठेवावं म्हटलं.

माझं माहेर जत तालुक्यातलं, कोरड्या माळावरचं. सासर पाटणहून कराडला येताना कोयनेच्या काठी. आमच्या दारासमोरचा रस्ता कराड, विटा करत सरळ जतकडं जातो. सत्तावीस वर्षं मी त्या रस्त्यावर सडा टाकला, पण मनात आलं म्हणून त्याच्यावरून कधी गेले नाही. न्यायला कुणी आलं तरच गेले.

सासरची माणसंही मूळची मेंढरंवालीच. मालकांचे पणजोबा चराईला म्हणून इकडं आले आणि राहिले. पुढं पाणी आलं, ऊस आला आणि मेंढरं विकून टाकल्यावर घरात खानदान आलं. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही. हनुवटी धरून मान एका बाजूला वळवली, नाक बघितलं आणि बरोबरच्या बाईला म्हणाल्या, "बसकं हाय. पर पोरं आमच्यावर जात्याल."

पोरगं त्यांच्यावरच गेलं. सरळ, धारदार नाक. तिथून पुढं त्यानं जे काही चांगलं केलं ते त्या नाकानं केलं आणि जे बिघडवलं ते माझ्या माहेरानं बिघडवलं. गणितात पहिला आला तर, "आमचं रगात हाय." झाडावरून पडला तर, "मामावर गेलाय." पुढं तो पदवीधर झाला आणि साहेबाच्या परीक्षेला बसायला लागला. त्याला वेगळी खोली, टेबल, कूलर मिळाला. पहाटे सोललेले बदाम दुधातून मिळायचे, ते सासूबाई स्वतः नेऊन देत. चार वर्षं परीक्षा झाल्या, बदाम झाले, साहेब काही झाला नाही. सासूबाई म्हणायच्या, "वाण चांगला असला की उशिरा का हुईना, उगवतंय."

अशा घरात मेंढा आला.

आमच्या जतकडच्या माडग्याळी मेंढ्याचं नाक राघूच्या चोचीसारखं बाकदार असतं आणि जेवढा बाक जास्त तेवढी किंमत जास्त. मालकांनी एका प्रदर्शनात असा मेंढा बघितला आणि त्यांची झोप उडाली. असं एक जनावर दावणीला असलं की लोक मेंढ्या दाखवायला, म्हणजे गाभण करायला, आणतात, दर मेंढीमागं पैसे देतात आणि मेंढ्याला तर काही करावं लागत नाही, फक्त असावं लागतं. हा धंदा आमच्या घराला एकदम पटला.

विकणारा गडी मोठा वस्ताद. त्यानं मेंढ्याचा बाप सांगितला, आजा सांगितला, पणजा कुणाच्या दावणीला होता ते सांगितलं. मालकांनी सगळं तोंडपाठ केलं. त्यांना स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नाही, पण मेंढ्याचं कूळ ते अजूनही न अडखळता सांगतात. किंमत दोन लाखांवर. घरात पन्नास-साठ हजार होते. बाकीचे दीड लाख त्यांनी माझ्या भावाकडं मागितले.

मागितले म्हणजे काय, दिवाळीच्या पाडव्याला माझ्या माहेरी जेवताना ताटावर सांगितले. "दाजींनी कधी न्हवं ते तोंड उघडलंय," म्हणून भाऊ उठला आणि आतून पैसे घेऊन आला. ते पैसे कशाचे होते ते मला माहीत होतं, माझ्या भाचीला माहीत होतं. ती तिथंच पाणी वाढत होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. त्या साली तिचा नंबर लागला नव्हता, पुढच्या साली गणपतीनंतर पुन्हा प्रवेश होते. ती तांब्या घेऊन पुढच्या ताटाकडं गेली. मालक म्हणाले, "पुढच्या गणपतीच्या आत व्याजासकट आणून टाकतो." भाऊ म्हणाला, "व्याज कसलं, दाजी." मी भातावर वरण घेतलं. मी चारचौघांत बोलत नाही. मला जमत नाही.

मेंढा आला तेव्हा त्याला ओवाळलं. मळ्यातली फरशी घातलेली खोली त्याला दिली, पंखा दिला. गळ्यात घुंगरं, कपाळाला हळद. सासूबाईंनी त्याची मान बाजूला वळवून नाक बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पहाटे दोघंजण बदाम खायला लागले.

बदाम, दूध, अंडी, शेंगदाण्याची पेंड, गूळ. वर एक खुराकवाला मोटारसायकलवर यायचा, टाय लावून. तो म्हणायचा, "मावशी, वंशबिंश सगळं जुनं झालं. जनावर घडतं ते खुराकावर. माझ्याकडं द्या, गाढवाचासुद्धा घोडा करून दाखवतो." असं म्हणून चार डबे पावडर ठेवून जायचा. सासूबाई रक्ताच्या बाजूच्या, तो डब्याच्या बाजूचा. पण भांडण कधी झालं नाही. दोघांच्याही मतात मेंढ्याला चालायला लागत नव्हतं, म्हणून दोन्ही मतं आमच्या घरात सुखानं नांदली.

मेंढा फुगला. नदीकाठची ओल, धुतलेली फरशी. त्याची खुरं मऊ पडली आणि मग नासली. तो गुडघ्यावर बसून खायला लागला. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई आली, खुरं बघितली आणि म्हणाली, "याला कोरड्यात ठेवा. रोज चालवा. बदाम बंद." पैसेसुद्धा न घेता तिनं सांगितलं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कालची पोर. हिला खानदान काय कळायचं!"

माघात पहिलं गिऱ्हाईक आलं. माण भागातला एक म्हातारा, टेंपोत चार मेंढ्या घेऊन आला होता. खोलीचं दार उघडलं, पंखा बंद केला. मेंढ्यानं चारी मेंढ्यांकडं बघितलं, एक उसासा सोडला आणि खाली बसला.

म्हाताऱ्यानं मेंढ्याभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "पावणं, ह्यो मेंढा हाय का तुमचा जावाय?"

मालक म्हणाले, "दमलाय जरा."

"कशानं?"

 मालकांनी मेंढ्याचं कूळ सांगायला सुरुवात केली. बाप, आजा, पणजा. म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "त्येचा पणजा मी बघितलाय," तो म्हणाला. "लय नामी जनावर. पर माझ्या मेंढ्या पणजाकडं कशा न्हेऊ? तो तर गेला." आणि मेंढ्या चढवून निघाला. सासूबाईंनी पाठमोऱ्या टेंपोला ऐकवलं की मेंढ्याच हलक्या जातीच्या होत्या.

चैत्र आला. मेंढा विकावा तर मालकांनी गावभर त्याची किंमत पाच लाख सांगून ठेवलेली; कमीत विकला तर तोंड कुठं लपवणार? दीड लाखाचं नावच कुणी काढत नव्हतं. भाऊही काढत नव्हता. भाची आठवड्याला फोन करायची. "आत्या, कशी हायस? जेवलीस का? पाऊस कसा हाय तिकडं?" चैत्रात. एवढंच विचारायची आणि फोन ठेवायची. तिनं एकदा तरी मागितले असते तर मला बरं वाटलं असतं. ती सरळ मागत नव्हती म्हणून मला रात्रंदिवस तेच ऐकू यायचं.

शेवटी मी सासूबाईंशी खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ठरवून. दुपारी त्यांच्या डोक्याला तेल लावताना, मागून, म्हणजे तोंड दिसत नाही. म्हटलं, "आत्याबाई, मेंढ्याला दीठ लागलीया. आमच्याकडं अशा खानदानी जनावराला वर्षातनं एकदा माळावर, त्याच्या मुळाला न्हेत्यात. त्येच्या रगताला तिथली माती वळखती. न्हाई न्हेलं तर जनावर खंगतंय."

अशी काही रीत नाही. मीच तेल लावता लावता काढली.

सासूबाईंनी तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "म्हंजी माहेरपणाला?"

"व्हय."

"मग आधी न्हाई का सांगायचं? बिचारं कवाचं वाट बघत आसंल." त्यांना ते मनापासून पटलं. दोष ना रक्ताचा, ना बदामांचा, ना आमच्या घराचा. जनावराला माहेरची ओढ लागली होती. संध्याकाळी त्यांनी मालकांना सांगितलं आणि आईपुढं मालक बोलत नाहीत. ह्या बाबतीत आम्ही नवरा-बायको सारखे.

तिसऱ्या दिवशी मेंढ्याची पाठवणी झाली. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर नवा टॉवेल घातला आणि बदामाची पिशवी माझ्या हातात दिली. सत्तावीस वर्षांत मला माहेरी जाताना एवढं सामान कधी मिळालं नव्हतं. मी टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसले. विटा गेलं, भिवघाट गेला, नागज फाट्याला हवा कोरडी झाली आणि मागून मेंढा पहिल्यांदा मोठ्यानं ओरडला. मला वाटलं, न जाणो, माझं खोटं खरं असायचं.

भावानं मेंढा उतरवून घेतला, त्याला चालवून बघितलं आणि डोक्याला हात लावला. "काय खायाला घालतायसा ह्येला?"

"बदाम."

"आन् तुमी काय खाताय?"

मी हसले. बदामाची पिशवी मी भाचीकडं दिली. भावानं त्याच दिवशी मेंढ्याची खुरं कापून काढली, मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवले आणि त्याला कोरड्या, दगडी कुंपणाच्या वाड्यात इतर मेंढरांत सोडला. पंधरा दिवसांनी तो कळपामागं लंगडत चालायला लागला, महिन्यानं कळपात, दीड महिन्यानं पुढं. त्याला बाभळीच्या शेंगा मिळायच्या आणि कळपातल्या दुसऱ्या मेंढ्याच्या टकरा मिळायच्या. सासूबाई फोनवर त्याचं तोंड बघायला मागायच्या आणि रडायच्या. "माझं लेकरू वाळलं गं! बदाम देतायसा न्हवं?" भाची बदाम चावत मागून ओरडायची, "सगळं संपीवलं आजी!"

मी आठ दिवसांसाठी गेले होते ती राहिले. मेंढ्याला माझी सवय आहे, असं कळवलं. दुसरी रीत.

आषाढात थोडा पाऊस पडला, माळ हिरवा झाला आणि मेंढा कामाला लागला. आजूबाजूची माणसं बघून गेली आणि मग मेंढ्या घेऊन यायला लागली. सीमेपलीकडचेही आले, कानडीत नाकाचं कौतुक करून पैसे मोजून गेले. तो माणचा म्हाताराही आला. त्यानं मेंढ्याला ओळखलंच नाही. मी सांगितल्यावर म्हणाला, "आसं का! पणजा परत आला म्हना की!" मी प्रत्येक मेंढीमागचे पैसे एका डब्यात टाकत होते. डबा भावाच्या घरात, मालकी मेंढ्याची.

ही बातमी सासरी पोचायला वेळ लागला नाही. श्रावणात मालक टेंपो घेऊन हजर. अंगणात दोन गिऱ्हाइकं बसलेली, भाऊ उभा, भाची उंबऱ्यात. मालक मेंढ्याकडं बघून खूश होऊन म्हणाले, "झालं की माहेरपण. न्हेतो आता."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.  मालकांकडं बघून मला बोलता आलं नसतं, म्हणून मी मेंढ्याजवळ गेले, त्याच्या शिंगाच्या मुळाशी खाजवत त्यालाच म्हणाले, "जायाचं का बाबा? जा की. तुजं मालक आल्यात. पर त्येंनी दीड लाख आणल्यात का इचार. गणपती आठ दिसांवर आलं."

 मालकांना मला उत्तर द्यायचं नव्हतं, सगळ्यांसमोर तर नाहीच. तेही मेंढ्याला म्हणाले, "तिला सांग, पैशे कुटं पळून चाल्ल्यात का?"

"इचार रं, मग आल्यात कुटं?"

"सांग म्हनावं, घरी गेल्यावर बोलू."

"त्येंना म्हनावं, घरी फरशी हाय. ओल हाय. तिथं गेल्यावर ह्यो पुन्ना बसंल, आन् बसलेला मेंढा फीबी भरत न्हाई."

आता भाऊही मेंढ्याकडं वळला. "दाजींना सांग बाबा, माजी घाई न्हाई." भावाचा मला असा राग कधी आला नव्हता. पण उंबऱ्यातून भाची म्हणाली, "मेंढ्या, माज्या बापाला सांग, मला हाय."

गिऱ्हाइकांतला एकजण खो खो हसला. मेंढा मधोमध उभा राहून आळीपाळीनं सगळ्यांकडं बघत होता. एवढा मान त्याला बदाम खातानाही मिळाला नसेल. शेवटी मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्यालाच म्हणाले, "ऱ्हा मग. फिटंपतूर ऱ्हा." आणि चहा न घेता रिकामा टेंपो घेऊन गेले.

गणपतीनंतर डब्यातल्या पैशांतून भाचीची पहिली फी भरली. मिरजेच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. डब्यात जे होतं त्यातून जेमतेम पहिलं वर्ष झालं. दीड लाखांतले निम्म्याहून जास्त अजून द्यायचे राहिले होते. मी सासरी परत आले. मेंढा राहिला.

पुढच्या वर्षी त्याची कोकरं दिसायला लागली आणि मग सगळ्यांनी येऊन आपापला वाटा उचलला. सासूबाई म्हणाल्या, रक्त बोललं. मालक म्हणाले, पारख माझी. खुराकवाल्यानं पाटण नाक्यावर मेंढ्याचा फोटो लावून मोठा फ्लेक्स लावला: आमच्या पावडरीची कमाल. विकणाऱ्यानं मेंढ्याच्या भावाची किंमत वाढवली. माझा भाऊ म्हणाला, मी चालवला. मीही मनात म्हणालेच, मी नेला. खोटं कशाला लिहू?

भाची सुट्टीला आली की पुस्तकातलं सांगते. ती म्हणते, "आत्या, निम्मं बापाकडनं येतं, निम्मं आईकडनं." मला एकदम आठवलं, त्या विकणाऱ्यानं बाप, आजा, पणजा सगळे सांगितले होते; मेंढ्याची आई कोण होती हे त्यानं सांगितलं नाही आणि आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. आता विचारावं म्हटलं तर सासूबाई म्हणतील, नाक तर बापाचंच आहे.

कोकरांत काही बाकदार नाकाची निघाली, काही माझ्यासारखी बसकी. सगळ्यांत देखण्या नाकाचं कोकरू महाआळशी आहे. आणि एकाच माळावर, एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या भाचीचा सख्खा भाऊ दिवसभर देवळापुढं पत्ते खेळतो. तेव्हा मला काही समजलं आहे असं मी म्हणणार नाही.

पण सासूबाईंना समजलं होतं. पाचव्या वेळी परीक्षेचा निकाल आला तेव्हा त्या नातवाकडं बघून म्हणाल्या, "ह्येलाबी माहेरपणाला धाडा." कुणाचं माहेर, कसलं माहेरपण, कुणी विचारलं नाही. माझं पोरगं दोन महिने मामाकडं मेंढरांमागं फिरलं. परत आलं ते काळं होऊन, बारीक होऊन आणि कानडी शिव्या शिकून. पुन्हा परीक्षेला बसलं आणि पुन्हा नापास झालं. मेंढ्याला जे लागू पडलं ते पोराला पडलं नाही. सासूबाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "मामाकडं व्हता न्हवं, मामावर गेला."

पुढं त्यानं स्वतःच कूलर बंद केला आणि डेअरीच्या दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. पहाटे उठतो, पूर्वी बदामासाठी उठायचा तसा. गावोगावच्या बायका त्याला नावानं ओळखतात. एवढा हसताना मी त्याला त्या खोलीत कधी बघितलं नव्हतं. मालक अजून पाहुण्यांना सांगतात, तात्पुरतं आहे.

दोन सालं मेंढ्याचे पैसे, माझ्या म्हशीच्या दुधाचे पैसे, कोकरं विकून आलेले पैसे, असं मी भावाकडं देत आले. ह्या दिवाळीला बारा हजार राहिले होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी पोरानं पगारातले बारा हजार माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाला, "आई, गाडीला सुट्टी हाय. चल, सोडतो." मी पदराला गाठ मारून पैसे घेतले. आपल्याच दारातल्या रस्त्यावरून, कुणी न्यायला न येता, गेले.

भावानं पैसे न मोजता खिशात घालायला घेतले. भाचीनं ते त्याच्या हातातून काढून घेतले, अंगणात बसून दोनदा मोजले आणि म्हणाली, "बरोबर हायत. दीड लाख पुरं झालं." मेंढा दावणीला रवंथ करत उभा होता. मी त्याला तसं सांगितलं.